निवृत्त साहेब आणि सेवेचं काम : तुमचे अनुभव लिहा

एका खासगी कंपनीत मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होतो, २०१७ साली निवृत्त झालो. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी भोसरीतल्या एका देवळाच्या सभामंडपात टेबल टाकून बसतो. कंत्राटी कामगार पीएफची कागदपत्रं घेऊन येतात. कुणाच्या आधारवर बापूराव असतं आणि कंपनीच्या नोंदीत नुसतं बापू. कुणाची नोकरी सोडल्याची तारीख कंत्राटदाराने भरलेलीच नसते, आणि ती नसली की पैसे काढायचा अर्ज पुढे सरकत नाही. २०२० पासून ही तारीख कामगाराला स्वतः ऑनलाइन भरता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबलं की झालं. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मागच्या वर्षी एक ताई आल्या. पॅकिंगचं काम, वय ५७. तीन कंत्राटदारांकडे चार, तीन आणि चार वर्षं काढलेली, प्रत्येकाने वेगळा नंबर दिलेला. मुलीच्या लग्नासाठी तिन्हीकडचं सगळं काढून टाकायचं म्हणून आल्या होत्या. मी म्हटलं, पीएफ काढूच, पण आधी तिन्ही खाती जोडून घेऊ. दहा वर्षं भरली की ५८व्या वर्षापासून पेन्शन लागते; पेन्शनचा वाटाही सुटा सुटा काढला असता तर प्रत्येक ठिकाणी सेवा दहाच्या आतच राहिली असती. कागदावर हिशेब मांडला : पगार ९,००० गुणिले ११ वर्षं, भागिले सूत्रातले ठरलेले ७०. महिना १,४१४ रुपये. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "किती महिने?" म्हटलं, "तुम्ही आहात तोवर." त्यांनी कागदाची बारीक घडी घातली, बटव्यात ठेवली आणि बटवा पुन्हा उघडून कागद आहे ना ते पाहिलं.

हे काम मी का धरलं ते सांगतो. नोकरीत असताना कंत्राटदारांची बिलं माझ्या सहीने पास व्हायची. वर्गणीचं चलन जोडलंय एवढं बघायचो. सोडून गेलेल्या माणसाची तारीख भरली का, नाव जुळतंय का, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर आज माझ्यासमोर रांगेत बसलेल्यांतली काही माणसं तिथं नसती. ही बोच मला आहे आणि ती राहावी असंच वाटतं.

तुमच्या घरात, ओळखीत मोठ्या हुद्द्यावरून उतरून अशा कामाला लागलेलं कुणी असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर लिहा. काय करता, आणि मुख्य म्हणजे पहिलं वर्ष कसं गेलं?

* * *

माझे बाबा बँकेत सरव्यवस्थापक होते. बारा वर्षं झाली, बाहेरगावहून परळला येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी रांगा कमी कशा करता येतील याचं अकरा पानी टिपण तयार केलं. तिथल्या जुन्या कार्यकर्त्या बाईंनी ते पूर्ण वाचलं, चांगलं आहे म्हणाल्या आणि बाबांना एका आजोबांसोबत तपासणीला पाठवलं. आजोबा बंगालमधल्या खेड्यातले, हिंदीसुद्धा जेमतेम. चार तास दोघं बाकावर शेजारी बसून. संध्याकाळी बाबा घरी आले, चपला काढता काढता म्हणाले, "नंबर जाईल म्हणून तो माणूस सकाळपासून लघवीला गेला नव्हता. मी बसतो म्हटल्यावर गेला." त्यानंतर त्या टिपणाचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही.

त्यांची ऑफिसची चामडी बॅग अजून तीच आहे. आत प्लास्टिकचे फोल्डर, झेरॉक्ससाठी सुटे पैसे, आणि एक वही. वहीत बंगाली आणि भोजपुरीतली वाक्यं देवनागरीत लिहिलेली : कुठं दुखतंय, उपाशीपोटी आलात का, सोबत कोण आहे. मागच्या पानांवर राहण्याच्या जागांचे फोन नंबर. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा भरलेली असली तर पुढं कुठं विचारायचं, तो क्रम त्यांना पाठ आहे. महिनोन् महिने चालणारे उपचार आणि मुंबईत डोक्यावर छप्पर नाही, हे माणसाला औषधाआधी खचवतं, असं ते म्हणतात. मी दोनदा सोबत गेले. दुसऱ्यांदा मला कळलं की बाबा कुणालाही पहिला प्रश्न आजाराचा विचारत नाहीत, गावाचा विचारतात.

* * *

नाशिकहून लिहितोय. विपणनात होतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक व्हायचं ठरवलं, तेव्हा समजलं की विद्यार्थी स्वतः लेखनिक आणत असेल तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा खालच्या पातळीचं हवं. नियम योग्यच आहे. मग पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला लागलो. बारावीचं अर्थशास्त्र झाल्यावर एका मुलीने फोन केला, "काका, आम्ही दुप्पट वेगाने ऐकतो. आवाज वरखाली करू नका, सपाट वाचा. आणि तक्ता वाचताना आधी रकान्यांची नावं सांगा." ते प्रकरण पुन्हा वाचलं. तेव्हापासून कुठलंही पुस्तक सुरू करण्याआधी पहिली दहा मिनिटं तिला पाठवतो.

* * *

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण असे साहेब आमच्याकडे येतात. माण तालुक्यात पाण्याचं काम करतो. स्पष्टच लिहितो : बरेच जण महिनाभरात परत जातात. पहिल्या बैठकीत अहवाल मागतात, दुसऱ्या बैठकीत आम्हाला वेळेचं महत्त्व सांगतात. गावातली माणसं दिवसभर मजुरी करून रात्री दहाला बैठकीला आलेली असतात, याचा अंदाज त्यांना नसतो. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण हेतूवर बांध उभा राहत नाही.

एक मात्र राहिले. पुण्यात कारखान्याचं उत्पादन सांभाळलेलं माणूस. २०१८च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, १ मेच्या महाश्रमदानाला आले, सकाळी समतल चर खणला, दुपारी हाताला फोड. संध्याकाळी पारावर भांडण पेटलं होतं. खोदकामाच्या मशीनच्या डिझेलला गावाने वर्गणी काढलेली आणि कुणीतरी म्हणालं, डिझेल मुरतंय. साहेब गप्प ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच काम घेतलं. मशीन सुरू झालं की मीटर बघायचा, बंद झालं की बघायचा, तास आणि लिटर वहीत, आणि रात्री तोच आकडा देवळाच्या भिंतीवर खडूने. ४५ दिवसांची स्पर्धा २२ मेला संपली, तोपर्यंत डिझेलवरून पुन्हा आवाज चढला नाही. लोक वर्गणी आपणहून आणून द्यायला लागले. कारखान्यात तीस वर्षं हेच करत होतो, असं ते म्हणाले. आजही महिन्यातले दहा दिवस इथंच असतात, विहिरींची पातळी मोजतात. गावात त्यांना साहेब कुणी म्हणत नाही, खडूवाले अण्णा म्हणतात.

* * *

न्यू जर्सीत आहे. इथं स्कोअर म्हणून संस्था आहे, १९६४ पासूनची. निवृत्त अधिकारी छोट्या व्यावसायिकांना फुकट सल्ला देतात. मी औषध कंपनीत वित्त विभागात होते. माझ्याकडे येणाऱ्यांत घरगुती डबे पुरवणाऱ्या बायका बऱ्याच. नफा होतोय पण हातात पैसे नाहीत, हे कोडं घेऊन येतात. उधारी आणि साठा यांची दोन खाती मांडून दिली की त्या स्वतःच उत्तर काढतात. मला फक्त गप्प बसायला शिकावं लागलं, आणि त्याला वर्ष लागलं.

* * *

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. पण घरच्या माणसाचंही लिहिते. आमचे हे तीस वर्षं कंपनीचे होते, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून संस्थेचे झाले. काम मोलाचं आहे, मला अभिमान आहे. तरी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख संस्थेच्या शिबिरामुळे दोनदा पुढे गेली, तेव्हा मी रडले. त्यांनी ते पाहिलं. आता गुरुवार घरचा. फोन कपाटात असतो आणि भाजी आम्ही दोघं आणतो. समाजसेवेत पडलेल्या प्रत्येकाने बायकोला, नवऱ्याला आधी विचारावं.

* * *

पीएफवाल्या काकांना एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीचे वॉचमन आहेत, आधीच्या एजन्सीकडे सहा वर्षं होते. त्यांना घेऊन आले तर चालेल का? सोबत काय आणायचं?

* * *

जरूर घेऊन या, ताई. सोमवारी या, गर्दी कमी असते. आधार, बँकेचं पासबुक, आणि यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक. तो माहीत नसला तर जुनी पगाराची चिठ्ठी चालेल. आधारला जोडलेला मोबाईल मात्र सोबत हवाच, ओटीपी त्याच्यावर येतो. बहुतेक वॉचमनचा तो नंबर गावाकडं मुलाकडं असतो. तसं असेल तर मुलाला सांगून ठेवा, सकाळी नऊ ते बारा फोन जवळ ठेव म्हणावं.