रँड आणि मोरिडिन: जन्मोजन्मीची जोडी की धाग्यांचा गुंता? (शेवट उघड होतो)

रंकाळाकाठ

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचे चौदाही भाग वाचून झाले असतील तरच पुढे वाचा.

कोल्हापुरातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर या मालिकेतल्या आत्म्यांच्या गाठींवर बोलायचं ठरलंय आणि मांडणी माझ्याकडे आहे. माझा मुद्दा असा: नायक रँड आणि त्याचा शत्रू मोरिडिन (आधीच्या देहात याचंच नाव इशामाएल) हे मुळातच जोडलेले आत्मे आहेत, आत्म्यांना पुन्हा पुन्हा जन्माला घालणाऱ्या काळाच्या चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात समोरासमोर येणारे. शादार लोगोथ या उजाड शहरात दोघांच्या बेलफायरचे (माणसाला भूतकाळासकट जाळणाऱ्या जादूचे) झोत एकमेकांना भिडले ते फक्त निमित्त. पुरावा म्हणून तीन गोष्टी काढल्यात. पहिली, इशामाएल स्वतःच सांगतो की आपण असंख्य वेळा लढलोय. दुसरी, ज्या मिनला पुढचं दिसतं तिला दिसलेलं दृश्य: रँड आणि दुसरा एक पुरुष एकमेकांत मिसळतात, एक मरतो, एक उरतो. तिसरी, शेवटची देहांची अदलाबदल.

हे टिकेल का? आणि आपल्याकडचा ऋणानुबंध, जय-विजय वगैरे दाखला दिला तर चालेल का?

करवीर_वाचक

तीनपैकी दुसरा पुरावा सगळ्यात भक्कम, पण तो तुमच्या बाजूने जितका दिसतो तितका नाही.

मिनचं दृश्य सातव्या भागात आहे ('अ क्राउन ऑफ स्वॉर्ड्स', 1996), आणि शादार लोगोथचा प्रसंग त्याच भागाच्या शेवटी. म्हणजे झोत भिडण्याआधीच मिनला मिसळणं दिसलेलं आहे. त्यामुळे "अपघात होता" म्हणणाऱ्यांना तुम्ही अडवू शकता. पण मिनला जे दिसतं ते पुढे घडणारच, एवढंच त्यातून सिद्ध होतं. का घडणार, कधीपासून ठरलं होतं, हे तिला दिसत नाही. घटना अटळ असणं वेगळं आणि आत्मे आधीपासून बांधलेले असणं वेगळं. मांडणीत या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की समोरचा तिथेच पकडेल.

आणखी एक: ते दृश्य ऐकल्यावर रँडला वाटतं की दुसरा पुरुष म्हणजे ल्यूस थेरिन. बरेच वाचक तिथेच अडकतात. ल्यूस थेरिन हा दुसरा आत्मा नाही, तो रँडचाच मागचा जन्म. बाराव्या भागाच्या शेवटी ड्रॅगनमाउंट पर्वतावर ते दोघे एक होतात तेव्हा एकच माणूस स्वतःला स्वीकारतो. मिनच्या दृश्यात एक मरतो आणि एक उरतो. ते ड्रॅगनमाउंटवर लागू होत नाही, चौदाव्या भागाच्या शेवटी होतं.

पहिला पुरावा मी वगळला असता. आपण दर फेऱ्यात लढतो हे आपल्याला इशामाएलच्याच तोंडून कळतं, आणि तो रँडला खचवायलाच बोलत असतो.

मागावरचा_इचलकरंजी

पॅटर्नला, म्हणजे चक्र सगळ्यांची आयुष्यं गुंफून जे घडवतं त्याला, लेखकाने विणकामाची भाषा दिलीय, तर ती जरा नीट लावून बघूया. इचलकरंजीत ज्यांच्या घरी माग आहे त्यांना हे लगेच कळेल.

साधा मृत्यू म्हणजे ताण्याचा (उभा) धागा संपणं. धागा तुटला तर माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, वहीच्या (ताणा वरखाली उचलणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि फणीच्या (धागे सरळ ठेवणाऱ्या कंगव्याच्या) दातातून परत ओवायचं आणि पुढे चालू. विणून झालेल्या कापडाला काही होत नाही. बेलफायरचं तसं नाही. तो धागा मागच्या दिशेने जळतो, म्हणजे विणून झालेल्या कापडातून ताणा ओढून काढल्यासारखं. त्या जागेवरचा बाणा (आडवा धागा) लोंबकळतो. म्हणूनच पाचव्या भागात राहविन या खलनायकाला बेलफायरने मारल्यावर त्याने आधी मारलेले रँडचे साथीदार मॅट, अव्हिएंडा आणि अस्मोडियन परत जिवंत होतात. आणि म्हणूनच डार्क वनला (अंधाराच्या अधिपतीला) तो आत्मा पकडता येत नाही, कारण तो पोचण्याच्या आधीच माणूस मेलेला असतो. आत्मा मात्र नष्ट होत नाही, चक्र त्याला पुढे परत विणू शकतं. इथे पुष्कळ जण घसरतात.

आता रँड-मोरिडिन. सायझिंगला, म्हणजे विणण्याआधी धागा मजबूत करताना, ताण्यावर खळ चढवतात. खळ जास्त झाली किंवा नीट वाळली नाही तर बीमवर (ताणा गुंडाळलेल्या रुळावर) शेजारचे दोन धागे एकमेकांना चिकटतात. ते सूत वेगळं, कोन (सुताच्या गुंडाळ्या) वेगळे, पण चिकटले की फणीजवळ दोन्ही एकाच धाग्यासारखे ओढले जातात, एकाचा ताण दुसऱ्यावर पडतो. आणि जोर लावून सोडवायला गेलं की त्यातला कमजोर धागा तुटतो. माझ्या मते शादार लोगोथला नेमकं हेच झालं. दोन वेगळे धागे, बेलफायरने चिकटलेले. जन्मापासून एकत्र पिळलेलं सूत नव्हे.

पेठेतली_पुस्तकं

इचलकरंजीकरांचं उदाहरण एकदम बरोबर बसतं. आता ते पुस्तकात तपासायचं कसं, ते सांगते. सगळे भाग परत वाचायची गरज नाही, या क्रमाने नेमके प्रसंग काढा.

सातव्या भागात मिनचं दृश्य, मग शेवटचं प्रकरण. झोत भिडल्यावर रँडला एकाचे दोन दिसतात, तो क्षण ओळीवर बोट ठेवून वाचा. मग आठवा आणि नववा भाग: सैदिन (पुरुषांच्या जादूचा स्रोत) धरताना रँडला होणारी मळमळ आणि भोवळ. इथे खरी कळ आहे. सैदिनवर डार्क वनने लावलेल्या डागामुळे मळमळ सगळ्याच पुरुषांना आधीपासून होते, त्यामुळे पहिल्या वाचनात आपण ती डागाच्या नावावर टाकून मोकळे होतो. पण नवव्या भागाच्या शेवटी सैदिन शुद्ध होतं आणि रँडची भोवळ तरीही जात नाही. म्हणजे कारण डाग नव्हता. चर्चेत हा एक मुद्दा नीट मांडलात तरी पुरे.

पुढे बारावा भाग ('द गॅदरिंग स्टॉर्म', 2009). डार्क वनची सेविका सेमिराग रँडला जादूच्या गळपट्ट्यात अडकवते, सैदिन हाताशी नाही, आणि तो ट्रू पॉवर, म्हणजे डार्क वनची शक्ती, ओढतो. ती शक्ती डार्क वनच्या परवानगीशिवाय मिळत नाही, आणि तेव्हा ती वापरणारा मोरिडिनच. रँडला ती या चिकटलेल्या धाग्यातूनच मिळाली असं बहुतेक वाचक धरतात, मलाही तेच पटतं. मग चौदावा: मोरिडिन स्वतःच्या तळहातात सुरी खुपसतो आणि रँडच्या हातून कॅलँडॉर ही तलवार गळून पडते. वेदना एकाची, हात दुसऱ्याचा. यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

शेवटी उपसंहार. रँड आणि मोरिडिनचे दोन देह आणलेले आहेत, एक खालावत जातो तसा दुसरा सावरत जातो. रँडच्या देहाच्या चितेपाशी त्याच्या तिघी प्रेयसी एलेन, मिन आणि अव्हिएंडा यांचं वागणं बघा. त्यांना त्याच्याशी असलेल्या जादूच्या बंधातून कळतंय की तो जिवंत आहे. ॲलिव्हिया नावाच्या बाईने त्याला "मरायला मदत करणं" (हेही मिनला आधी दिसलेलं) म्हणजे कपडे, पैसे आणि घोडा तयार ठेवणं, हेही तिथेच उलगडतं.

कोणी म्हणालंच की ही अदलाबदल शेवटचे भाग पूर्ण करणाऱ्या सँडरसनने ऐनवेळी घुसवली, तर सांगा: रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले, पण शेवटचं दृश्य त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं. आणि बी 1996 च्या भागातच पेरलेलं आहे.

करवीर_वाचक

जय-विजय राहिलं. दाखला द्या, पण जपून.

जुळतं काय: सनकादिकांच्या शापानंतर जय-विजयांनी भक्त म्हणून सात जन्मांपेक्षा शत्रू म्हणून तीन जन्म पत्करले. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. शत्रुत्वातून सुटका हवी असणं, हे मोरिडिनमध्ये आहेच. जुन्या युगात तो एलान मोरिन होता, तत्त्वज्ञ. त्याचा तर्क असा की फेरे अनंत असतील तर अंधाराला एकदाच जिंकायचंय, म्हणजे कधीतरी तो जिंकणारच. मग लवकर संपलेलं बरं.

जुळत नाही काय, ते जास्त महत्त्वाचं. या मालिकेत संचित आणि प्रारब्ध नाही. मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ म्हणून कोणी जन्मत नाही. पॅटर्नला गरज पडली की चक्र आत्म्याला बाहेर काढतं. मोक्षही नाही. म्हणून ऋणानुबंध हा शब्द रँड-मोरिडिनला लावू नका. तिथे फिटायचं ऋणच नाही.

रंकाळाकाठ

मग ऋणानुबंध बिर्गिट आणि गायडाल केन या वीर जोडप्याला लावू का? ते तर प्रत्येक जन्मी एकमेकांना शोधतात. आणि ऑल्व्हर हा पोरगा म्हणजेच गायडाल, असं आमच्यात एक जण ठासून सांगतो.

पेठेतली_पुस्तकं

हो, तिथे शोभेल. जन्मोजन्मीचे जोडलेले आत्मे या मालिकेत खरोखर दाखवलेत ते हेच. ते चिकटलेले धागे नाहीत, चक्रच त्यांना दरवेळी एकत्र विणतं. म्हणून तर डार्क वनच्या मोगेडियनने बिर्गिटला तेलअरानरिऑड या स्वप्नलोकातून (पुढच्या जन्माची वाट बघणारे वीर जिथे असतात) उपटून काढल्यावर ती एवढी भेदरते: गायडाल आधीच जन्माला निघून गेलेला, आणि आपण क्रमाबाहेर पडलो.

ऑल्व्हरचं मात्र चुकतंय. गायडालसारखाच चेहरा ओबडधोबड आहे एवढ्यावरून ही अटकळ निघाली. गायडाल तेलअरानरिऑडमध्ये चौथ्या भागात दिसतो, आणि सहाव्या भागात मॅटला भेटणारा ऑल्व्हर नऊ-दहा वर्षांचा आहे. मधे तेवढी वर्षं गेलेलीच नाहीत. स्वप्नलोकात वेळ वेगळा चालतो असं म्हणून ती सांधायला लोक बघायचे, पण जॉर्डन यांनी स्वतःच वयाचं कारण देऊन नाही म्हटलंय.

मागावरचा_इचलकरंजी

भावा, माझं खळीचं उदाहरण घेणार असशील तर ते कुठे तुटतं तेही सांग, नाहीतर कोणीतरी विचारेलच. चिकटलेले धागे सुटले की आपापल्या जागी जातात. इथे सुटताना रँड मोरिडिनच्या देहात गेला आणि मोरिडिन रँडच्या. मेलेल्यांना दुसऱ्या देहात घालणं हे एरवी डार्क वनचं काम: त्याचे सेवक अगिनोर आणि बाल्थामेल ओसानगार-अरानगार होऊन परत आले, इशामाएल मोरिडिन झाला. शेवटी मात्र डार्क वन कोंडला जात असताना ही अदलाबदल होते, म्हणजे त्याची परवानगी असण्याचा प्रश्नच नाही. आणि नव्या देहात रँडला सैदिन हाती लागत नाही, तरी पाइप पेटलाय असं मनात आणलं की तो पेटतो. खळ, वही, फणी, यातलं काहीच तिथे पुरत नाही. पाइपवर बोलायला शेवटची पंधरा मिनिटं मोकळी ठेव, सगळ्यात जास्त वाद तिथेच होणार.