बोलेरो कॅम्परच्या हौद्यावर पहिला कॅम्पर: पफचा डबा, टपावरचा तंबू की साधी कॅनॉपी?

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो कॅम्पर, डबल केबिन, पिवळी पाटी. सीझनला द्राक्षाचे क्रेट वाहते, एरवी खत-औषधं आणि बाजार. द्राक्षबागेतली खरड छाटणी, विरळणी, सबकेन ही कामं उरकली की जुलै-ऑगस्टात फवारणीपुरतंच काम राहतं, आणि तेवढ्या सवडीत हौद्यावर राहायची-झोपायची सोय, म्हणजे कॅम्पर, करून घरच्यांना घेऊन बाहेर पडायचं ह्या वर्षी ठरवलंय. माणसं चार: मी, बायको, नववीतला पोरगा आणि आई. आईचे गुडघे दुखतात, पण फिरायचा उत्साह तिलाच सगळ्यांत जास्त. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढं गुहागरकडं, येताना कास आणि बामणोली असा बेत आहे.

समोर तीन वाटा आहेत. कुपवाडचा एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो, सहा फूट उंचीचा पफ पॅनलचा, म्हणजे फोम भरलेल्या पत्र्याचा, डबा करतो, आत पलंग, ओटा, संडास, सगळं. हौद्याला वेल्डिंग मारून कायमचा बसवायचा. दोन लाख ऐंशी हजार. दुसरी वाट टपावर उघडणाऱ्या तंबूची, तो लाखाच्या आसपास पडतो. तिसरी म्हणजे मागं ओढायचा ट्रेलर, एक जुना बघण्यात आहे.

टेप लावून पाहिलं. हौदा आतून लांबीला पावणेपाच फूट, रुंदीला साडेपाचच्या किंचित वर. माझी उंची पाच फूट नऊ इंच. मी झोपायचं कसं? परदेशातले व्हिडिओ लई बघितले, पण त्यांच्या गाड्या बघूनच दम लागतो.

घाटातला_कऱ्हाडकर

ट्रेलरचा विचार आजच सोडा. त्याची आरटीओ नोंदणी वेगळी करावी लागते, आणि कुंभार्लीच्या वळणावर समोरून एसटी आली की तो मागं घेऊन दाखवा मला. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पत्राकाम_सातारा

ट्रक-टेंपोच्या बॉड्या बांधण्यात माझी हयात गेली. आता शेड पोराकडं आहे आणि मी खुर्ची टाकून चुका काढतो. तेव्हा बेदाणा भाऊ, पहिली चूक तुमच्या त्या वेल्डिंगवाल्याची काढतो.

गाडीला कायमचा डबा डकवायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीनं दिलेला जो तपशील आहे तो बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावून सांगितलं. मोटर कॅरॅव्हॅन म्हणून रीतसर गाडी करायची तर तिचं मानक वेगळं, एआयएस-१२४, आणि ते गल्लीतल्या शेडचं काम नव्हे. शिवाय तुमची पिवळी पाटी. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरसाल पासिंगला न्यायची. तिथं वेल्ड केलेला संडास कुणाला दाखवणार? आणि हे सगळं सोडा, जानेवारीत क्रेट कुठं भरणार? ही गाडी तुमची रोजीरोटी आहे. दुपारी उतरवून संध्याकाळी माल भरता येईल, तेवढंच तिच्यावर चढवायचं.

आता वजन. कंपनी कॅम्परला एक टन म्हणते, म्हणून फॅब्रिकेशनवाले बिनधास्त असतात. हिशोब मांडून बघू. पफ पॅनल म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर पत्रा आणि मधे पन्नास मिलिमीटर फोम. त्याचं वजन चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरतं. तुमच्या हौद्याच्या मापाचा सहा फुटी डबा धरला तर सहा बाजू मिळून साधारण सोळा-सतरा चौरस मीटर होतात. म्हणजे नुसती पॅनलं एकशे साठ-सत्तर किलो. त्यात लोखंडी अँगलचा सांगाडा, दार, खिडक्या आले. अठरा मिलिमीटरचा आठ बाय चार प्लाय एकटाच पस्तीस किलोच्या पुढं जातो, आणि ओटा-पलंगाला असे दोन तरी लागतातच. लीटरभर पाणी म्हणजे किलोभर, साठ लीटरची टाकी म्हणजे आणखी एक माणूस. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी टाकली तर तेही एक माणूसच. हे सगळं साडेतीनशे-चारशेवर सहज जातं.

तरीही एक टनाच्या आतच आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण पोत्यांचं वजन हौद्याच्या तळाशी बसतं आणि डब्याचं वजन डोक्यावर. हौद्याची जमीनच रस्त्यापासून अडीच फुटांच्या वर, त्यावर सहा फूट डबा. कुंभार्लीत वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलंडायला लागली की कळतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. तिथं पावसाळ्यात असला डबा उभा करून झोपा, रात्रभर झोका मिळेल.

परदेशी व्हिडिओंबद्दल बोलायचं तर त्यांच्या फोर्ड एफ-१५० पिकअपला साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी हौदे मिळतात. सरकवून बसवायचे तयार कॅम्पर तिकडं त्या मापांवर बनतात. आपल्या पावणेपाच फुटांवर ती नक्कल केली की पलंग केबिनच्या टपावर पुढं काढावा लागतो, म्हणजे वजन अजून वर. तिकडचे जाणतेही आधी गाडीच्या दारावरचा वजनाचा स्टिकर वाचतात आणि मग कॅम्पर बघायला जातात. व्हिडिओत तेवढंच नेमकं कापलेलं असतं.

म्हणून म्हणतो, पहिला कॅम्पर म्हणजे ॲल्युमिनियमची हलकी, उचलून ठेवता येणारी कॅनॉपी, हौद्यावर बसणारं दार-खिडक्यांचं छप्पर. झोपायचं उत्तर तुमच्या मागच्या फाळक्यात आहे. फाळका आडवा पाडा, पावणेपाचात दीड फूट मिळाला, सव्वासहा झाले. फाळक्याच्या साखळ्या मात्र तपासा, गंजलेल्या असतील तर बदला, आणि त्या बाजूला पाय ठेवून झोपा, डोकं केबिनकडं. फाळक्यावर ताडपत्रीचा झोळ टाकला की पावसाची चिंता नाही.

पलंग करू नका. क्रेट आहेत ना घरात ढिगानं? फूटभर उंचीचे तेच क्रेट हौद्यात मांडा, वर बारा मिलिमीटर प्लाय दोन तुकड्यांत, त्यावर गादी. खालच्या क्रेटमध्ये भांडी, कपडे, दोर. हौस टिकली तर पुढच्या वर्षी पलंग करा, नाही टिकली तर क्रेट बागेत परत.

आधी एक काम करा. जवळच्या साखर कारखान्याच्या नाहीतर बाजारातल्या भुईकाट्यावर गाडी न्या. टाकी फुल, चौघंही आत बसलेले. एकदा पूर्ण गाडीचं वजन घ्या, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. मग बोलू.

मेणवलीकर

काकांचं पत्र्याचं गणित बरोबर आहे, पण आईंचा विचार कुणीच केलेला दिसत नाही. आम्ही दोघं नवरा-बायको आणि सासूबाई असे कॅनॉपीच्या पिकअपमधून फिरतो, म्हणून लिहिते.

टपावरचा तंबू आईंसाठी बाद. रात्री दोन वाजता पावसात गुडघे धरून शिडी उतरायची? तसा तंबू वाईट नाही. साठेक किलोत काम होतं, जमिनीच्या ओलीपासून सुटका मिळते. पोरगा मोठा झाला की त्याला घेऊन द्या. हौदासुद्धा आईंना उंचच पडेल. दोन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल करून घ्या, वर खरखरीत रबर चिकटवलेलं, आणि कॅनॉपीच्या कडेला धरायला दांडी. आमच्या गाडीत सगळ्यांत जास्त वापर ह्या दांडीचा होतो, गॅसचा नाही.

संडासचं म्हणाल तर घडीचा पोर्टेबल मिळतो, तो फाळक्याच्या आडोशाला लावता येतो. त्यासाठी सहा फुटी डबा नको. पण दादा, खरं सांगू? पहिल्या खेपेला आईंची झोपायची सोय देवस्थानाच्या भक्तनिवासात नाहीतर एखाद्या घरगुती खोलीत करा. तुम्ही अंगणात गाडी लावा. दिवसभर चहा, जेवण, पाय पसरून बसणं, सगळं गाडीतच करा. आईंना मजा तेवढ्यानंही येते, आणि सकाळी त्या चिडलेल्या नसतात. कोकणात कुणाच्याही अंगणात विचारून गाडी लावली तर नाही म्हणत नाहीत, वर शहाळं देतात.

न विचारता कुठंही थांबू नका. कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. तिथं बाजूला गाडी घेऊन झोपू असं चालत नाही. कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं दिवसा बघायचं आणि निघायचं. बामणोलीकडं राहायच्या खाजगी जागा आहेत, आधी फोन करून जा. आणि गाडी चालू असताना मागं कॅनॉपीत कुणीही बसायचं नाही. पोरगा हट्ट करेल. केबिनमध्ये पाच माणसांची जागा आहे, तिथंच.

गॅस आत पेटवू नका, पाऊस कितीही असो. गळालेला गॅस हवेपेक्षा जड, तो हौद्याच्या तळाशी साचतो, आणि तुम्ही तिथंच झोपणार. बंद जागेत शेगडी किंवा शेकोटीचा कोळसा ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. हे पावसाळ्यात मुद्दाम सांगावं लागतं.

घाटातला_कऱ्हाडकर

ताईंचं शहाळ्याचं खरं आहे. मला फणसही मिळालाय. अख्खा. हौद्यात ठेवायला जागा नव्हती.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे आभार. आईला ताईंचा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या बाईला अक्कल हाय." बाकीच्यांबद्दल काही बोलली नाही.

काट्यावर जाऊन आलो. चौघं आत, टाकी फुल, जेवणाची पिशवी धरून दोन हजार साठ किलो. फक्त मागची चाकं ठेवली तर एक हजार दहा. आरसीवरच्या लेडन वजनाला (भरल्या गाडीच्या कमाल वजनाला) साडेसहाशेच्या वर शिल्लक दिसतंय. काटेवाला विचारत होता, ऊस कुठाय.

कुपवाडला नाही कळवून टाकलं. आता काका, कॅनॉपी कशी करून घेऊ तेवढं सांगा. उंची किती? पाऊस आत येऊ नये म्हणून काय? आणि ती उतरवायची कशी? घरी माणसं फार नाहीत.

पत्राकाम_सातारा

आईसाहेबांना नमस्कार सांगा. बाकीच्यांत मीही आलो, कळलं मला.

उंची केबिनच्या टपापेक्षा सहा इंच वर, त्यापेक्षा एक बोटही जास्त नको. आत हौद्याच्या जमिनीपासून चार फूट मिळतात. क्रेट आणि गादी गेली की माणूस मान जरा वाकवून बसतो. उभं राहायचा मोह झाला की खाली उतरायचं.

सांगाडा पंचवीस बाय पंचवीस ॲल्युमिनियम चौकोनी पाइपचा, वर दीड मिलिमीटर ॲल्युमिनियम पत्रा. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या एक तृतीयांश. दार-खिडक्या धरून ऐंशी किलोच्या आत बसलं पाहिजे. जास्त भरलं तर कारागिरानं लोखंड घातलंय असं समजा. लोहचुंबक घेऊन जा, सांगतो खोटं नाही.

टपाला मागच्या बाजूला दोन इंच उतार द्या. सपाट टपावर पाणी साचतं आणि साचलं की वाट शोधतं. टपाच्या पत्र्याला वरून एकही भोक नको. सगळे जोड कडेवरून खाली दुमडायला लावा आणि त्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. साधं सिलिकॉन गाडीच्या हादऱ्यानं सुटतं. हौद्याच्या काठावर जिथं कॅनॉपी टेकते तिथं जाड रबराची पट्टी सलग फिरवा, कोपऱ्यात तुकडे जोडू नका. झालं की हौद्यात पोराला बॅटरी देऊन बसवा आणि वरून फवारणीच्या ब्लोअरनं झोडपा. तुमच्याकडं ब्लोअर असेलच. एवढी कडक परीक्षा कुंभार्लीचा पाऊसही घेणार नाही.

पावसाइतकंच आतलं पाणी त्रास देतं. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे थेंब थेंब तोंडावर. टपाला आणि बाजूंना आतून दहा मिलिमीटर एक्सएलपीई फोम चिकटवा, पोल्ट्रीच्या शेडला लावतात तो. दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळीच्या सरकत्या खिडक्या, वर पत्र्याची झडप. पाऊस असला तरी बोटभर उघड्या ठेवायच्या. बारा व्होल्टचा छोटा पंखा आणि दिवा एवढ्यासाठी शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पुरून उरते, वजन बारा-तेरा किलो. गाडीच्या बॅटरीला तार जोडायची तर मधे फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर.

बांधायचं कसं? चासीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग नाही. हौद्याला दोर बांधायच्या कड्या आहेत, त्यांना चार कोपऱ्यांत टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचे ताण-स्क्रू. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून परत आवळा, पहिल्यांदा रबर दबतं. जड सामान आणि पाणी केबिनला चिकटून ठेवा, फाळक्याकडं नको. त्या टोकाला वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. टायरची हवा भरल्या गाडीची वेगळी असते, ती दारावरची पट्टी वाचून भरा. पासिंगला जाताना कॅनॉपी काढून जा, आणि विमावाल्याला आधी लेखी विचारून ठेवा, तोंडी नको.

उतरवायला तुमच्या बेदाण्याच्या शेडला लोखंडी कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) असेल. तिच्यावर अर्धा टनाची चेन कप्पी टांगा, कॅनॉपीच्या टपाच्या सांगाड्याला चार हूक आधीच करून घ्या. कप्पी ओढली, गाडी पुढं काढली, काम झालं. एकटा माणूस करतो. फक्त कैची वाऱ्याच्या मापाची आहे की वजनाच्या, हे ज्यानं शेड बांधलं त्याला विचारा. नाहीतर चार माणसं बोलवा आणि त्यांना चहा पाजा.

कुपवाडमध्ये ॲल्युमिनियमचं काम करणारे बरेच आहेत. दोघा-तिघांकडून दर घ्या आणि त्यांना टपाच्या जोडाचं चित्र काढून दाखवायला सांगा. ज्याला चित्र काढता येत नाही त्याला काम देऊ नका.

बेदाणा_तासगाव

चुंबक आहे, ब्लोअर आहे, कप्पी शेजाऱ्याकडं आहे. सोमवारी कुपवाडला जातो आणि मिळालेले दर इथंच टाकतो.