मदत हवी आहे: घटस्फोटाच्या सेटलमेंटच्या कागदात काय काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी, मी आणि नवरा आपसात ठरवून वेगळे होतोय, भांडायचं तेवढं भांडून झालं, आता फक्त कागद उरलेत. वाटणीचा ड्राफ्ट त्याच्या वकिलाने पाठवलाय आणि हा म्हणतो सही करून टाक, दोघांना एकच वकील पुरे. मला नाही पटत, वकील त्याचा म्हणजे तो त्याचंच बघणार ना?

खरी अडचण घराची आहे. घर दोघांच्या नावावर, लोनही दोघांच्या नावावर, आणि ड्राफ्टमध्ये लिहिलंय की घर त्याच्याकडे राहील, उरलेले हप्ते तोच भरेल. पण बँक या करारात कुठे आहे? उद्या ह्याने हप्ते थकवले की बँक माझ्याही मागे लागणार. तर लोनमधून माझं नाव निघेपर्यंत मी घरावरचा हक्क सोडणार नाही, आणि ते अमुक महिन्यांत झालं नाही तर घर विकायचं, अशी अट कोणी घातलीये का? नेमकं कसं लिहिलं होतं?

शिवाय पेन्शन, शेअर्स, क्रेडिट कार्डाची उधारी यातलं काहीच नाही, 'इतर मालमत्ता ज्याची त्याच्याकडे' एवढं एकच वाक्य. मुद्दाम असेल (हल्ली संशयीच झालेय मी). लपवलेलं काही नंतर सापडलं तर काय, हे आधीच लिहून घेतात का? आणि मुलीचा ताबा, तिचा खर्च याच कागदात की वेगळा करायचा?

विम्याचे नॉमिनी बदलायला घेतलेत, बाकी सही अजून केलेली नाही. अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.