काकडीला फुलं मुबलक, पण फळ धरत नाही. मधमाशा नसल्यामुळं असेल का?

प्रश्न (करवीर तालुका)
बारा गुंठे गावठी काकडी आहे. वेल फुलांनी पिवळाधमक झालाय, पण मादी फुलाखालची बोटाएवढी काकडी दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळते. राहते ती शेंड्याला आवळलेली, नाहीतर कोयत्यासारखी वाकडी. व्यापारी बाजूला काढतो. बोरॉन मारलं, टॉनिक मारलं, फरक नाही. काल सकाळी सात ते नऊ बांधावर बसून बघितलं, चारच माशा आल्या. विहिरीजवळच्या उंबरावर आग्याची पाच-सहा पोळी असायची. तीन वर्षांमागं कुणीतरी रात्री टेंभे लावून जाळली. त्या झाडाकडं बघवत नाही आता.

उत्तर (भुदरगड, सातेरी मधमाशांच्या पेट्या ठेवतो)
दादा, काकडीचा पराग चिकट असतो, वाऱ्यानं उडत नाही. नर फुलावरनं मादी फुलावर न्यायला माशीच पाहिजे, आणि मादी फूल एकच दिवस उमलतं. पराग कमी पडला की बी धरत नाही; जिथं बी नाही तिथं काकडी आवळते. खात्री करायची तर सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला भाग मादी फुलात हलकेच फिरवा. देठाला दोरा बांधून ठेवा. फवारणी कशाची झालीय?

उत्तर (शिरोळ)
आमच्याकडं चारी बाजूंनी ऊस. त्याची लागण कांडीनं, माशीवाचून अडत नाही. भाताचं, भुईमुगाचंही माशीवाचून अडत नाही. म्हणून माशी गेलेली कुणाच्या ध्यानातच आली नाही. बांधाला कारळं असायचं तेव्हा नुसती गुणगुण असायची. आता उसात तिनं खायचं काय?

प्रश्नकर्ता
मावा आला म्हणून इमिडाक्लोप्रिड मारलं होतं. ऐन फुलोऱ्यात, सकाळी आठला.

उत्तर (भुदरगड)
तीच माशी फुलावर यायची वेळ. शिवाय हे औषध झाडात भिनतं, परागात आणि फुलातल्या रसात उतरतं. युरोपियन संघानं २०१८ मध्ये उघड्या शेतात ते वापरायला बंदी केली. फुलोऱ्यात ते नकोच. माव्याला निंबोळी अर्क घ्या, तोही दिवस मावळल्यावर.

प्रश्नकर्ता (सहा दिवसांनी)
दोरा बांधलेल्या दहापैकी आठ धरल्या, आठही सरळ. रोज पहाटे मी आणि मंडळी हातानं फुलं लावतोय, पण बारा गुंठ्याला हात पुरत नाहीत. बांधाला धने आणि मोहरी टाकलीय. औषध बंद केलंय. दादा, सातेरीची एक पेटी मिळेल का? न्यायला कधी येऊ?