शब्दचर्चा: 'डायरेक्शनल अँटेना'ला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळ्याचा वारा: मंडळी, कॉलेजच्या पोरांसाठी रेडिओवर लेख लिहायलोय, मोठी एएम स्टेशनं डायरेक्शनल अँटेना वापरतात या वाक्यावर गाडी अडलीय. 'दिशादर्शक' म्हटलं की होकायंत्र वाटतंय. 'एकदिशी' चालेल का?

जुना ट्रान्झिस्टर: एकदिशी नको भावा. एकटा टॉवर चौफेर सारखाच सिग्नल फेकतो, पण दोन-तीन टॉवर मापात अंतर ठेवून उभे केले आणि प्रत्येकाला वेगळ्या फेजनं, म्हणजे लाटेची चढउतार थोडी मागंपुढं ठेवून, करंट दिला की लाटा एका अंगाला मिळून जोर धरतात आणि दुसऱ्या अंगाला एकमेकींना खाऊन टाकतात, आणि बऱ्याच स्टेशनांना पाहिजे असतंय ते हे खाणंच! दिवसा मीडियम वेव्ह, म्हणजे ह्या एएम स्टेशनांची लाट, जमिनीलगत जाते, वर गेलेली वातावरणातला उंचावरचा डी थर शोषतो. रात्री तो थर विरला की तीच लाट वरनं परतून शेकडो किलोमीटरवर उतरते, तिथं त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोण असलं की नुसता कालवा. 1932 ला फ्लोरिडात असले टॉवर लावले ते पार मिलवॉकीच्या 620 किलोहर्ट्झवाल्याला त्रास नको म्हणून. अमेरिकेत अजूनही कित्येक स्टेशनांना सूर्य मावळला की पॅटर्न, म्हणजे कुठल्या अंगाला किती सिग्नल जातो तो आकार, बदलावा लागतो, नाहीतर पॉवर उतरवावी लागते.

बिंदू चौक: सगळीच काय शेजाऱ्यासाठी करत नाहीत हं. बॉस्टनचं डब्ल्यूबीझेड 50 किलोवॅटचं, टॉवर समुद्राकाठी, अटलांटिकात मासे ऐकणार होय, म्हणून जोर पश्चिमेला. आपल्या राजकोटच्या 1000 किलोवॅटवाल्याचा रोख पाकिस्तानकडं.

शाहूपुरीची ताई: अहो, मग 'रोख'च घ्या की! बंदूक रोखतात आणि वाटही रोखतात, नेम धरणं आणि अडवणं दोन्ही एकाच क्रियापदात. 'रोखीव अँटेना'.

जुना ट्रान्झिस्टर: ताई, नाद खुळा!

बिंदू चौक: पोरं विचारतील, उधारीचा अँटेना कुठं मिळतो 😀

रंकाळ्याचा वारा: विचारू देत. पहिल्यांदा 'डायरेक्शनल' लिहून पुढं 'रोखीव'च ठेवतो. पण जिथं सिग्नल मरतो त्या 'नल'ला काय? तसंच लिहिलं तर पाण्याचा नळ वाटणार.

शाहूपुरीची ताई: पॅटर्नच्या आकृतीत तिथं आत घुसल्यासारखं दिसतंय ना? 'खाच' म्हणा.