पणजीचा सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल: बेळगावहून दोन दिवस, बाबांना घेऊन. काय बघावं?

कोरेगल्लीची
नमस्कार मंडळी. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, त्याला यंदा जायचं मनावर घेतलंय. आम्ही तिघं. मी, बाबा (वय 74, हायस्कूलचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, गुडघे दुखतात पण कबूल करत नाहीत) आणि माझी मुलगी. ती पीयू सेकंडला (म्हणजे बारावीला) आहे. सायन्स घेतलंय, पण फिजिक्सच्या वहीची मागची पानं बघितली की पुढं काय होणार ते कळतं.

हातात फक्त शनिवार-रविवार. वेबसाइटवर कार्यक्रमांची यादी उघडली आणि घाबरून मिटली. नाटक, नाच, गाणं, फोटो, हस्तकला, त्यात स्वयंपाकसुद्धा! चोर्ला घाटानं गाडी काढावी की बसनं जावं? तिकीट किती पडतं? राहायचं कुठं? आणि खरी काळजी वेगळीच आहे. बाबा आपल्या बेळगावचे चित्रकार केबी कुलकर्णी यांना मानणारे. त्यांच्या लेखी चेहरा चेहऱ्यासारखा आणि झाड झाडासारखं दिसलं पाहिजे. मॉडर्न म्हटलं की ते चष्मा काढून पुसायला लागतात. त्यांना घेऊन जाणं म्हणजे दोन दिवस तोंड पाडून फिरणं होईल का?

खडेबाजार_काका
जाऊ नका. तीन वर्षांमागं गेलो होतो. एका खोलीत प्लास्टिकच्या बादल्या उलट्या ठेवलेल्या आणि भिंतीवर दीड पान इंग्लिश. बादल्या बघायला घाट उतरायचा काय ओ? त्यापेक्षा मंगेशी-शांतादुर्गा करा, मासे खा, परत या.

कणकुंबी_वळण
काका, तुम्ही दरवर्षी हेच सांगता आणि दरवर्षी जाऊन येता 😄

ताई, रस्त्याचं मी सांगतो, महिन्यातून दोनदा जाऊलालोय. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, मग घाट उतरून सांखळी. तिथून म्हापशाकडून पणजी. सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, पण तीन तास धरा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्याची अवस्था निघायच्या आदल्या दिवशी कोणाला तरी विचारा, तो रस्ता कधी कसा असेल सांगता येत नाही. पहाटे चारला निघू नका, डिसेंबरात धुकं असतंय आणि गवे आडवे येतात. सहा-साडेसहाला निघून सांखळीत नाष्टा. परत येताना रविवारी उजेडात घाट चढून या. शेवटचा कार्यक्रम बुडाला तर बुडू दे.

अनमोडचा रस्ता लोंढा-रामनगरवरून फोंड्याला उतरतो, तो लांब पडतो. आणि रेल्वेच्या नादाला लागू नका, पणजीला स्टेशन नाही. मडगावला उतरून परत बस, त्यात बाबांचे गुडघे.

आरपीडी_कट्टा
मी पाच वेळा गेलोय, त्यामुळं जरा लांबण लावतो.

आधी पैशाचं. तिकीट नाही. वेबसाइटवर नाव नोंदवायचं, झालं. पण नाटक, नाच, वर्कशॉप यांची जागा वेगळी बुक करावी लागते आणि चांगल्या गोष्टी लवकर भरतात. मांडवीत बोटीवर गाणं असतं, ‘रिव्हर राग’ म्हणतात, त्याच्या जागा तर बघता बघता जातात. म्हणून कार्यक्रम जाहीर झाला की त्याच रात्री बसा.

तारखा दरवर्षी सरकतात. 2024 ला 15 ते 22 डिसेंबर होता, 2025 ला दहावं पर्व म्हणून 12 ते 21. सुरू झाला 2016 ला, उद्योगपती सुनील कांत मुंजाळ यांच्या फाउंडेशननं सुरू केलेला. नाताळ तोंडावर असतो, म्हणून पणजीत खोल्या महाग. पर्वरी किंवा म्हापसा बघा. गाडी तिथंच ठेवा आणि पूल ओलांडून बसनं किंवा रिक्षानं या. संध्याकाळी मांडवीच्या काठाला कॅसिनोवाल्यांची गर्दी असते, तिथं गाडी घालणारा माणूस कलेचा काय, कोणाचाच राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. हा फेस्टिव्हल एका मैदानावरचा नाही, अख्ख्या पणजीत पसरलेला असतो. जुनी जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत), आदिलशहाचा राजवाडा, कला अकादमी, आझाद मैदान, कांपालचं आर्ट पार्क, दोनापावलाकडं नागाळी हिल्सचं मैदान. सगळं बघायचं ठरवलंत की तुमची बेळगावच्या लग्नातल्या वऱ्हाडासारखी गत होणार. धावपळ सगळी, ताट कुठलंच नीट नाही. एका अर्ध्या दिवसाला एकच इमारत घ्या. पहिल्या दिवशी सकाळी जुनी जीएमसी आणि दुसरं काही नाही.

ती इमारत स्वतःच बघण्यासारखी आहे. पोर्तुगिजांनी 1842 ला वैद्यकीय शाळा काढली, तिच्या वारशातलं हे गोवा मेडिकल कॉलेज. हॉस्पिटल बांबोळीला गेलं आणि इमारत मागं राहिली. इफ्फी, म्हणजे सिनेमांचा महोत्सव, तोसुद्धा तिथंच असतो. खोल्यांत प्रदर्शनं लागतात. अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ चाललेला असतो, आपण दारात चाचपडतो, दहा सेकंद बघतो आणि बाहेर पडतो. तसं करू नका. आत भिंतीला टेकून बसा, व्हिडिओ एकदा संपून परत सुरू होईपर्यंत. मी पहिल्या वर्षी अशाच चाळीस खोल्या ‘बघितल्या’ आणि घरी येऊन बायकोला एकाही खोलीचं धड सांगता आलं नाही. दुसऱ्या वर्षी सहाच बघितल्या, त्या अजून आठवतात.

आणि भिंतीवरचं इंग्लिश आधी वाचू नका. आधी वस्तू बघा, मग वाटलं तर वाचा. काकांचं तिथंच चुकलं.

प्रत्येक विभाग निवडणारा माणूस वेगळा असतो, त्याला क्युरेटर म्हणतात. यादी बघताना कार्यक्रमाच्या नावाआधी ते नाव बघायचं. सुरुवातीच्या वर्षांत संगीत शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान बघायचे, त्या वेळी मी डोळे झाकून गाण्याला बसायचो. क्युरेटर बदलला की तो विभागच बदलतो.

खडेबाजार_काका
बादल्या आधी बघितल्या काय आणि नंतर बघितल्या काय, बादल्याच.

जांबोटीची_पोर
मी खानापूर तालुक्यातली, पणजीत शिकते आणि एका वर्षी तिथं व्हॉलंटिअर होते. मावशी, आजोबांसाठी एकच सांगते: घडीचं स्टूल न्या. मासे धरायला बसणारे वापरतात तसलं, हलकं. प्रदर्शनात बसायला जागा कमी आणि जुन्या इमारती म्हटल्या की जिने आलेच. आम्ही दिवसभर उभं राहून रात्री पाय बादलीत घालून बसायचो (काका, ही बादली खरी).

गळ्यात पट्टी घातलेली पोरं दारात असतात, त्यांना बिनधास्त विचारा. मराठीत विचारलंत तर बहुतेकांना कळतं. ‘यात काय बघायचं बाळ?’ असं कोणी विचारलं की आम्हाला फार बरं वाटायचं, कारण बाकीचे फक्त ‘टॉयलेट कुठं’ एवढंच विचारायचे.

आणि तुमच्या लेकीसाठी: आल्तिनो टेकडीवर गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, 1972 पासूनचं. शनिवारी चालू असेल तर गेटवर विचारून बघा. तिथल्या पोरांशी अर्धा तास बोलली तर वेबसाइट वाचण्यापेक्षा जास्त कळेल. प्रवेश परीक्षा, गोव्याबाहेरच्यांना किती जागा, होस्टेल, हे तिथंच विचारायचं. त्याच टेकडीवर सुनापरांत हे कला केंद्रसुद्धा आहे, तिथंही प्रदर्शनं असतात.

आरपीडी_कट्टा
बाबांचं राहिलंच की. त्यांना पहिल्या झटक्यात जीएमसीत नेऊ नका, मी आधी म्हटलं ते मागं घेतो. पहिल्या सकाळी फोंतेन्यास या पणजीच्या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत न्या. तिथं त्रिंदाद यांची चित्रं आहेत. आंतोनियो शावियेर त्रिंदाद, गोव्यात जन्मले, मुंबईत सर जेजे कला महाविद्यालयात शिकवायचे, 1935 ला वारले. तेलरंगातली माणसं अशी की हाक मारली तर वळतील. याचा फेस्टिव्हलशी संबंध नाही, पण केबींना मानणाऱ्या माणसाचं मन तिथं आधी निवेल. उघडायची वेळ फोन करून विचारा.

तिथून आदिलशहाच्या राजवाड्याकडं. शेजारी अब्बे फारिया या संमोहन करणाऱ्या गोव्याच्या पाद्र्याचा पुतळा आहे, एका बाईला संमोहित करतानाचा. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, 1945 चा. बाबांना त्या पंज्यांची बोटं दाखवा, बाकी तेच बोलतील. कला अकादमीत कार्यक्रम मिळाला तर अवश्य घ्या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची इमारत, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आत. मी पूर्वी तिथं बसलो तेव्हा भिंतीवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक होते, गॅलरीत बसून आपल्याकडं बघणारे. नाटक पडलं तरी ते लोक होतेच.

कणकुंबी_वळण
खायचं कोणी सांगितलंच नाही. कॅफे भोंसलेत भाजी-पाव. गाडीत चपाती-शेंगाचटणी ठेवा, बाबा मंडळींना अकरा वाजता भूक लागती आणि सांगत नाहीत.

कोरेगल्लीची
सगळ्यांचे आभार. जाऊन आलो, सांगायचं होतं.

त्रिंदादांसमोर बाबा दीड तास. एका बाईच्या चित्राजवळ जाऊन ते माझ्या मुलीला म्हणाले, ‘पांढरी साडी आहे ना? आता पांढरा रंग कुठं आहे ते शोध.’ तिला सापडेना. साडीत निळा होता, पिवळट होता, मातकट होता, पांढरा कुठं नव्हताच. आजोबा-नातीचं हे चाललेलं, आणि मी खुर्ची शोधत फिरत होते.

दुपारी जीएमसी. पहिल्या दोन खोल्यांत चष्मा निघाला, पुसला, खिशात गेला. तिसऱ्या खोलीत खिडकीतून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता. बाबा स्टूल टाकून बसले आणि वही काढली. मला वाटलं मांडलेली वस्तू काढतायत. ते काढत होते दारातली व्हॉलंटिअर मुलगी, पेंगताना. तिनं बघितलं तेव्हा आधी दचकली आणि मग ते पान मागून घेतलं. त्यानंतर ते तिला विचारून विचारून पाच खोल्या फिरले. पटलं का विचारलं तर म्हणाले, ‘दोन पटल्या. बाकीच्यांना अजून हात बसायचा आहे.’ पेपर तपासल्यासारखं.

बोटीचं गाणं भरलेलं होतं, उशीर माझाच. रात्री आझाद मैदानाकडं गेलो, गर्दीत बाबांना उभं राहवेना, अर्ध्यातून परतलो. कॉलेजचं गेट बंद मिळालं. लेक बाहेरूनच आवाराचा फोटो काढून आली आणि तो तिनं फोनवर लावलाय. पीयूचा निकाल लागू दे, मग घरात काय ते वादळ होईल.

काका, बादल्या यंदा दिसल्या नाहीत.

एक अडचण. बाबांचं घडीचं स्टूल येताना सांखळीच्या हॉटेलात राहिलं, नाष्ट्याच्या टेबलाखाली. बाबा दोनदा विचारून झाले. कोणी त्या बाजूनं येणार असेल तर आणाल का?

कणकुंबी_वळण
शनिवारी येऊलालोय. रंग कुठला?

कोरेगल्लीची
निळा. एका पायाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

खडेबाजार_काका
मीही शनिवारी खालीच आहे. एका कामानिमित्त. आणतो.