फ्लेवर्ड दुधात कृत्रिम स्वीटनर असेल, तर ते नावाशेजारीच छापायला हवं का?

नीरक्षीर
२००९ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या डेअरी संघटनांनी तिथल्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध नियामकाकडे, अर्ज केला. चॉकलेट दुधात साखरेऐवजी अ‍ॅस्पार्टेमसारखं स्वीटनर घातलं, तरी पाकिटावर 'कमी कॅलरी' वगैरे छापायची सक्ती नको. घटकांच्या यादीत नाव असेल, तेवढं पुरे. २०१३ मध्ये एफडीएने त्यावर लोकांची मतं मागवली. अर्जातलं एक कारण मला फार खटकतं: 'कमी कॅलरी' हे शब्द मुलांना आकर्षक वाटत नाहीत. अहो, जे वाचून गिऱ्हाईक मागे सरतं, तेच त्याला आधी कळायला हवं! युरोपियन युनियनच्या २०११ च्या नियमात पदार्थाच्या नावासोबतच 'स्वीटनरसह' असं लिहावं लागतं. तसाच नियम सगळीकडे हवा.

गोरसप्रेमी
साफ असहमत. साखर घातलेल्या दुधावर 'साखरेसह' असं ठळक छापायची सक्ती आहे का? मग स्वीटनरनेच काय घोडं मारलंय? सुक्रालोज हे स्वीटनर साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, म्हणजे पाकिटात चिमूटभरही लागत नाही. अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम आहे आणि २०२३ च्या फेरतपासणीतही ती बदलली नाही. पुढे ठळक छापलंत की लोक ते धोक्याची सूचना म्हणूनच वाचणार आणि पोरांच्या हातात पुन्हा साखरेचं दूध देणार.

नीरक्षीर
@गोरसप्रेमी, मी त्याला विष म्हटलेलंच नाही. गोड दूध म्हटलं की त्यात साखर असणार हे घेणारा धरूनच चालतो. ती काढून दुसरं काही घातलं, तर सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची. आणि यादी कुठे असते? पाकिटाच्या मागे, घडीपाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. शिवाय वजन आटोक्यात ठेवायला असे स्वीटनर वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये दिलाय.

आहारवेध
तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. फेनिलकीटोन्युरियाचा (फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट पचवता न येण्याच्या जन्मजात आजाराचा) मुद्दा निघेलच, म्हणून आधीच लिहिते. अ‍ॅस्पार्टेममधून फेनिलअ‍ॅलनिन मिळतं हे खरं, पण ते दुधाच्या प्रथिनांतही भरपूर असतं. त्या मुलांना दूध एरवीही मोजूनमापूनच देतात.
मला काळजी आहे ती मधुमेहींची. २०० मिली साध्या दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली मूळचीच साखर, असतं. पुढे 'स्वीटनरसह' वाचलं की माणूस समजतो, यात साखर नाहीच, आणि दोन पाकिटं पितो. त्यामुळे नीरक्षीर यांचा नियम मला अपुरा वाटतो. स्वीटनरच्या शेजारीच, तेवढ्याच अक्षरांत, एकूण साखर किती ग्रॅम तेही छापा.

गोरसप्रेमी
ग्रॅमचा आकडा मान्य, पण मग तो साखरेच्या दुधावरही तेवढाच ठळक हवा. तसं होणार असेल, तर स्वीटनरचं नाव पुढे यायलाही माझी हरकत नाही.

नीरक्षीर
दोन्हींवर हवाच. पण म्हणून स्वीटनरचं नाव तोवर मागे ठेवायला मी तयार नाही.